लाल दिसलं की फोन

आमच्या वॉर्डातले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते आपोआप साठत जातात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात! भिशीत म्हणा, लग्नात म्हणा, चार बायका भेटल्या की कुणीतरी म्हणतंच, "शालन, ते डाळिंबाचं सांग की!" मग मी सांगत बसते आणि माझा चहा गार होतो.

सांगलीत, विश्रामबागेच्या अलीकडं आमचं हॉस्पिटल. मी टाळूच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. टाळू म्हणजे तोंडाचं छत. काही लेकरं ते छत दुभंगलेलंच घेऊन जन्माला येतात. दूध प्यायलं की नाकातून बाहेर आणि बोलायला लागली की प्रत्येक अक्षर नाकात! वर्ष-दीड वर्षाची झाली की आमचे सर ती टाळू शिवतात. शिवणं सरांचं काम. शिवल्यानंतरचा दिवस माझा. आणि त्या दिवसात भीती एकच, रक्ताची. थोडी गुलाबी लाळ गळणारच, तिचं काही नाही. पण धार लागली तर? एवढ्याशा लेकराच्या अंगात रक्त असतं तरी किती? मोठ्या तांब्यात मावेल!

म्हणून सरांनी वॉर्ड सुरू झाला त्या दिवशीच माझ्या टेबलामागच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावला. त्यावर जाड मार्करनं एकच ओळ लिहिली, "लाल दिसलं की फोन."

इतका सोपा नियम. चौदा वर्षं झाली, पण या नियमानं माझा जेवढा गोंधळ उडवला तेवढा सासरच्या माणसांनीसुद्धा उडवला नाही!

*

आता डाळिंबाचंच आधी सांगते, नाहीतर तुम्ही ऐकणार नाही.

आटपाडीकडचं एक कुटुंब आलं होतं, डाळिंबाची बाग असलेलं. नातवाचं ऑपरेशन सकाळी झालं, छान झालं. दुपारी मी राउंडला गेले आणि बघते तर काय, पोराच्या ओठावरून लालभडक ओघळ! हनुवटीवर, गळ्यावर, झबल्यावर! टॉर्च मारला, तर आतसुद्धा सगळं लालच लाल. मी पोराला कुशीवर वळवलं, कापडाची घडी दाबून धरली आणि ओरडले, "हौसामावशी, सरांना फोन!"

हौसामावशी म्हणजे आमची आया. वॉर्डातली सगळ्यात जुनी. तिनं फोनवर सांगितलं, "सर, पोरगं गेल्यात जमा हाय, या!" मावशीला कमी करून सांगता येतच नाही.

सर जेवता जेवता उठून आले. बोटांना आमटी तशीच! हात धुतले, हातमोजे चढवले, घडी काढली, टाके तपासले. एकदा तपासले, दोनदा तपासले. मग ती लाल घडी नाकाशी नेली. मग उजेडात धरली आणि चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"सिस्टर," सर म्हणाले, "या रक्तात बी आहे."

पलंगाच्या पलीकडं आजी उभी होती. पदराखाली वाटी. "आवं, एवढं रगात गेलं लेकराचं," ती म्हणाली, "म्हटलं भरून काढावं. घरच्या बागंचं हाय, फवारणी न्हाई त्याच्यावर!"

सरांनी पुठ्ठ्यावर दुसरी ओळ लिहिली, "आधी वास, मग फोन."

*

आमच्याकडं नातेवाईक म्हणजे यात्राच. ऑपरेशन झालं की पेढे घेऊन येतात आणि बघता बघता लेकराच्या ओठाला लावून मोकळे होतात. म्हणून साताऱ्याकडचे एक सुभेदार मुलाला घेऊन आले तेव्हा मला बरंच वाटलं. उंच, पिळदार मिशी, सुट्टी काढून आलेले. मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, एक काम करा. डॉक्टर आणि सिस्टर सोडून कुणालाही आत सोडायचं नाही."

"राइट, मॅडम!" आणि ते दारात उभे राहिले. बसलेच नाहीत हो!

रविवार होता. अकराच्या सुमाराला त्यांच्याच मुलाच्या तोंडातून लाल यायला लागलं. वास घेतला, तर डाळिंब नाही, रक्तच! मी घडी दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. सर म्हणाले, "मंडईत आहे, पाच मिनिटांत आलो."

पाच झाली, दहा झाली. बोट दाबून दाबून माझा हात भरून आला. पुन्हा फोन लावला.

"सर, कुठं आहात?"

"तुमच्या दारात."

"मग आत या की!"

"येऊ देत नाहीत!"

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. सरांना सरांच्या वॉर्डात कोण येऊ देत नाही? मग लक्षात आलं. सर आलेले अर्ध्या चड्डीत, कपाळाला घाम, हातात पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी!

मी आतूनच ओरडले, "सुभेदारसाहेब, ते डॉक्टर आहेत, सोडा त्यांना!"

"मॅडम, डॉक्टर असा असतो व्हय?"

"असाच असतो! रविवारी असाच असतो! सोडा!"

मग सुभेदार बाजूला झाले, कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "तुमी जावा सर. मेथी हितंच ऱ्हाईल."

सर आत आले तोपर्यंत दाबून दाबून रक्त थांबलं होतं. त्या दिवसापासून सरांच्या स्कूटरच्या डिकीत एक पांढरा एप्रन कायमचा असतो.

*

आता हा किस्सा जेवताना सांगत नाही. जेवत असाल तर पुढं जा.

ऑपरेशनच्या वेळी थोडं रक्त लेकराच्या पोटात जातं. मग संध्याकाळपर्यंत ते उलटीतून बाहेर पडतं, काळंकुट्ट, चहाच्या चोथ्यासारखं. त्यात घाबरायचं काही नसतं, जुनं रक्त ते. पण आईबापांना कसं कळणार? म्हणून सर राउंडला सगळ्यांना बजावायचे, "लेकराच्या तोंडातून जे काही पडेल ते टाकून देऊ नका. मला दाखवा."

कवठे महांकाळची एक मावशी होती, भाचीसोबत आलेली. भाचीला झाली अशी काळी उलटी. मावशीनं आधी लिंबू उतरवून टाकलं, मग सरांचा शब्द आठवला. दाखवायचं तर आहे, पण कशात? जवळ होता स्टीलचा डबा, घरून भाकरी आणलेला. तो धुतला, पुसला, त्यात ते सगळं भरलं, झाकण गच्च लावलं, वरून स्वच्छ रुमाल बांधला आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. बाई कामाला एकदम नेटकी!

दुपारचा एक वाजलेला. सरांचा डबासुद्धा घरून त्याच वेळेला, तसाच रुमाल बांधून येतो.

मी तेव्हा वॉर्डात होते. मला फक्त सरांच्या खोलीतून खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. मग सर बाहेर आले, चेहरा पांढराफटक. मला वाटलं फोनवर काही वाईट बातमी आली. मी विचारलं, "सर, काय झालं?"

"काही नाही," सर म्हणाले. "आज उपवास आहे माझा."

मंगळवार होता हो. सरांचा उपवास सोमवारी असतो!

*

घरी सोडल्यावर तरी शांतता असावी की नाही? नाही! साताऱ्याच्या पुढून, कोरेगावकडून एका आईचा फोन. डिस्चार्ज होऊन आठवडा झालेला.

"सिस्टर, रगात! लय रगात येतंय!"

"किती येतंय?"

"सगळा टॉवेल भिजला!"

"घाबरू नका. मुलीला कुशीवर घ्या. टाक्यातून येतंय का?"

"न्हाई न्हाई, टाकं तसंच हायती."

"मग जिभेतून?"

"न्हाई वो!"

माझा गोंधळ! टाके नाहीत, जीभ नाही, मग येतंय कुठून? "ताई, रक्त तोंडात आहे ना?"

"व्हय, पोरीच्या तोंडात हाय," ती रडत रडत म्हणाली, "पण येतंय ह्यांच्या बोटातनं! ह्यांनी टाकं हाताला लागत्यात का बघाय बोट घातलं, आन् ती सोडंनाच!"

फोनवर मागून बाप्याचा आवाज आला, "तिला इचार, टिटॅनस घ्यायला लागतंय का?"

पुठ्ठ्यावर तिसरी ओळ मी स्वतः लिहिली, "रक्त कुणाचं ते आधी विचारा."

*

एवढं सगळं झाल्यावर मला वाटायला लागलं, की शालन, आता तुला लाल रंग कळला! आणि तेव्हाच माणहून धुळाआबा आले.

दहिवडीच्या पुढचं गाव. मेंढरं राखण्यात उभा जन्म गेलेला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, कमरेला भंडाऱ्याची छोटी पिशवी. सोबत सून आणि सव्वा वर्षाची नात, बाणी. मुलगा मुंबईला कामाला, त्याला रजा मिळाली नव्हती. मेंढरं भावकीच्या ताब्यात देऊन आबा स्वतः आले होते.

"आबा, ऑपरेशन कशासाठी करायचं ते सांगितलंय ना तुम्हाला?" मी ठरल्याप्रमाणं विचारलं.

"सांगितलंय की. बोलणं सुदरतंय म्हनं." मग नातीकडं बघत हसले. "ही मला आमा म्हंती. आवं, मी हिचा आबा हाय का आजी, ते तरी कळू द्या गावाला!"

गंमत सांगते, पण खरंच तसं होतं. टाळू फाटलेली असली की हवा नाकातून निसटते आणि 'ब' येतच नाही. बाणी हात पसरून "आमा, आमा" करायची आणि आबा "ओ, ओ" करत उचलायचे. हसायचे, पण ते हसणं फार वेळ टिकायचं नाही.

त्या दिवसांत आमच्याकडं एक नवीन शिकाऊ डॉक्टरीण आली होती. आम्ही तिला छोट्या मॅडम म्हणायचो. हुशार, पण पुस्तकातून अजून बाहेर न आलेली. तिनं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाणीला तपासलं आणि धावत माझ्याकडं आली. "सिस्टर, जीभ पिवळी! ओठ पिवळे! कावीळ आहे! कावीळ असेल तर रक्त गोठायला वेळ लागतो, ऑपरेशनला रक्त थांबणार नाही!"

मी बघितलं तर खरंच पिवळंधमक. पण डोळे मात्र पांढरेशुभ्र. डोळे पांढरे आणि जीभ पिवळी, ही कुठली कावीळ? मला काही कळेना, तिलाही कळेना. शेवटी रक्त तपासायला पाठवलं, ऑपरेशन एक दिवस पुढं ढकललं आणि सरांना बोलावलं. सर आले, पलंगाभोवती आम्ही सगळ्या गंभीर चेहऱ्यानं उभ्या.

आबा पुढं आले. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद, तळहातावर घेतला आणि सरांपुढं धरला.

"सायेब, कावीळ न्हाई," आबा म्हणाले. "बिरोबा हाय. रोज सकाळी जिबंला लावतो तिच्या."

रक्ताचे रिपोर्ट आले, एकदम चांगले. छोट्या मॅडम दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या!

*

तर बाणीचं ऑपरेशन झालं, गुरुवारी सकाळी. दोनच्या सुमाराला वॉर्डात आणली. कोपरांना पुठ्ठ्याच्या नळ्या बांधलेल्या, म्हणजे हात तोंडात जायला नको. शेजारच्या पलंगावरचं पोरगं सारखं रडत होतं, गुलाबी लाळ गाळत होतं, त्यामुळं माझं सगळं लक्ष तिकडं. वास घे, टॉर्च मार, पुसून काढ. बाणी मात्र शांत झोपलेली. ओठ कोरडे, उशी पांढरी, कुठं लाल ठिपका नाही. मी सगळ्यांना सांगत फिरत होते, "लेकरू असावं तर बाणीसारखं!"

आबा पायथ्याशी उकिडवे बसलेले. म्हणाले, "सिस्टर, पोरगी गिळतीया."

"गिळू दे की आबा, थुंकी गिळत असेल."

थोड्या वेळानं पुन्हा. "सिस्टर, गिळतीया अजून."

"आबा, चांगलं असतं ते! बाहेर गाळण्यापेक्षा बरं."

मी टेबलाशी येऊन कागद भरायला लागले. वर बघते तर आबा समोर उभे. पटका काढून हातात घेतलेला.

"आवं सिस्टर," ते हळू म्हणाले, "मेंढरू दुखण्यानं बसलं की आमी त्येचं नरडं बघतो. जल्मभर तेच केलंय. हिला आमी पान्याचा थेंब दिल्याला न्हाई. तुमीबी न्हाई. मंग पोरगी गिळतीया काय?"

माझ्यामागं पुठ्ठा होता, तीन ओळींचा, आणि तिन्ही ओळी बाहेर दिसणाऱ्या रक्ताच्या.

मी उठले. पलंगापर्यंत चार पावलं असतील, ती कशी गेली मला आठवत नाही. मनगट धरलं, नाडी नुसती पळत होती. ओठ कोरडे म्हणून मी खूश होते, ते पांढरे पडले होते. गळ्याची ती एवढीशी गाठ वर जायची, खाली यायची, वर जायची, खाली यायची. मी तिला कुशीवर घेतली, तोंड उघडलं, टॉर्च पार मागं मारला. पुढं सगळं स्वच्छ. आणि मागच्या टोकाला, पडजिभेच्या वर, एक बारीक लाल धार. बाहेर येतच नव्हती. सरळ आत, घशात!

कापडाची घडी त्या जागी दाबली. बाणीनं कचकन चावलं. "मॅडम, सरांना फोन!"

छोट्या मॅडमनी फोन उचलला. "काय सांगू? लाल दिसलं म्हणून सांगू?"

"दिसत नव्हतं म्हणून सांगा! पळत या म्हणावं!"

सर आले, एप्रन घालूनच. एकदा आत बघितलं आणि म्हणाले, "थिएटर." सलाईन जोराचं सोडलं, रक्ताची बाटली मागवली. मी घडीवरचं बोट न काढता ट्रॉलीबरोबर पळत होते. थिएटरच्या दारात मी बाणीला आत दिली आणि मागं वळले, तर दारात आबा. सरांची वाट अडवून उभे!

मला वाटलं, आता सर ओरडणार. एकेक क्षण महत्त्वाचा होता. आबांनी फक्त चिमटीत भंडारा धरलेला हात पुढं केला.

सरांनी मान खाली घातली. आबांनी कपाळाला भंडारा लावला. सरांनी वरून टोपी ओढली, हात धुवायला गेले आणि दार बंद झालं.

आम्ही बाकावर बसलो. सुनेला रडू आवरत नव्हतं. हौसामावशीनं माझ्या बोटाला पट्टी बांधली आणि एक अक्षर बोलली नाही. मावशी गप्प बसली की मला जास्त भीती वाटते. दोनदा सांगितलं होतं म्हाताऱ्यानं. दोनदा! आणि मी त्याला शिकवत होते. आबांनी विचारलं, "सिस्टर, ही मला आबा म्हणंल न्हवं?" आणि मी एवढी जुनी बाई, वॉर्डाची इनचार्ज, पदर तोंडाला लावून रडायला लागले. मग आबाच मला म्हणाले, "रडू नगा."

किती वेळ गेला माहीत नाही. दार उघडलं. पुढं सर, मागं ट्रॉली. ट्रॉलीवर बाणी, ओठांना जरासा रंग आलेला, आणि गळा शांत. मी आधी गळाच बघितला. आबांनीही.

"एक बारीक शीर होती," सर म्हणाले. "बांधली. आता काळजी नाही."

आबांनी हात जोडले. आम्ही सगळे ट्रॉलीमागं वॉर्डात आलो. सरांनी बाणीला स्वतः पलंगावर ठेवलं, कुशीवर वळवलं, मग टोपी काढून घाम पुसला. घामानं ओला झालेला भंडारा कपाळावरून भुवयांपर्यंत उतरला होता, पिवळाधमक. छोट्या मॅडम डोळे मोठे करून बघायला लागल्या.

"सर, तुमच्या कपाळाला..."

"कावीळ नाही, मॅडम," सर म्हणाले. आणि माझ्या टेबलावरचा मार्कर उचलून, पुठ्ठ्याकडं बोट दाखवत, आबांच्या हातात दिला.